महाकपींच्या गोठवलेल्या पेशी : आशा आणि मर्यादा

ऑक्टोबर १९९५ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात ‘तिमू’ या गोरिला मादीचा जन्म झाला. ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयातून आणलेल्या शुक्राणूंनी अंडपेशीचे फलन प्रयोगशाळेत घडवून आणण्यात आले होते. टेस्ट ट्यूब पद्धतीने जन्मलेली ती जगातील पहिली गोरिला. मात्र त्यानंतर तीस वर्षे उलटून गेली, तरी ही पद्धत प्राणिसंग्रहालयांत रूढ झालेली नाही.

गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान हे महाकपी माणसाचे सर्वांत जवळचे आप्त. माणसांसाठी बनविलेली गर्भधारणा चाचणी त्यांच्याही मूत्रावर चालते. मानवी वंध्यत्वावरील उपचार त्यांना सहज लागू पडतील, असे वाटणे म्हणूनच स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अडचणी वेगळ्याच निघाल्या. गोरिलांच्या कळपात बहुधा एकच प्रौढ नर प्रजनन करतो. नरांच्या शुक्राणूंमध्ये स्पर्धा नसल्याने निसर्गाने त्याला लहान वृषण दिले असून, वीर्यात निरोगी शुक्राणू कमी असतात. चिंपांझीची गोष्ट नेमकी उलट. त्याच्याकडे शुक्राणू विपुल, पण वीर्य बाहेर पडताच गोठून घट्ट होते व त्यातून शुक्राणू वेगळे करणे हेच एक काम होऊन बसते. अंडपेशी मिळविण्यासाठी मादीला भूल द्यावी लागते. बंदिवासातील गोरिलांमध्ये हृदयविकार मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने ही भूलही निर्धोक नाही. एवढे करून जन्माला येते ते एकच पिल्लू. ओरांगउटान मादी तर दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षांचे अंतर ठेवते. प्रयोगशाळा हा काळ कमी करू शकत नाही.

मग पेशी गोठवून ठेवायच्या कशासाठी? संख्या वाढविण्यासाठी नव्हे, तर आनुवंशिक वैविध्य टिकविण्यासाठी. सॅन दिएगो येथे कर्ट बेनिर्शके यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रोझन झू’मध्ये उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये शेकडो प्रजातींच्या पेशी जपल्या आहेत. पेशी गोठताना आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फाटू नयेत, यासाठी त्यांत संरक्षक द्रव मिसळतात. मृत प्राण्याच्या त्वचेचा छोटा तुकडाही वेळेत मिळाला तर पुरतो. अशा पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेता येते. त्यांपासून अंडपेशी बनवून जिवंत पिल्ले जन्माला घालण्याची किमया उंदरांत साधली आहे, महाकपींत मात्र नाही.

वैविध्याचा प्रश्न किती निकडीचा आहे, हे सुमात्रा बेटावरील तापानुली ओरांगउटान दाखवून देतो. २०१७ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदल्या गेलेल्या या कपींची संख्या आठशेहून कमी असून, बातांग तोरूच्या जंगलात तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. अशा स्थितीत जवळच्या नात्यात प्रजनन होत जाते आणि घातक जनुके एकत्र येतात. येथे आज घेतलेला नमुना उद्या मोलाचा ठरेल. पण नमुना घेणे हेच सोपे नाही. सर्व महाकपी ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने रक्त वा त्वचा देशाबाहेर न्यायची तरी दोन्ही देशांचे परवाने लागतात, आणि पेशी परवान्याची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून ज्या देशात प्राणी, त्याच देशात पेशीपेढी, हा आग्रह योग्यच म्हटला पाहिजे.

संख्या वाढविण्याचे काम दुसऱ्याच मार्गाने झाले आहे. विरुंगा पर्वतरांगेत १९८१ च्या गणनेत पर्वतीय गोरिला केवळ २५४ उरले होते. शिकारविरोधी गस्त, जंगलात जाऊन उपचार करणारे पशुवैद्य आणि पर्यटनातून स्थानिकांना मिळणारे उत्पन्न यांमुळे विरुंगा व बविंडी मिळून ही संख्या २०१८ पर्यंतच्या गणनांमध्ये १,०६३ झाली. त्यात कृत्रिम गर्भधारणेचा वाटा शून्य आहे. तरीही २०१५ मध्ये त्यांच्या जनुकसंचाच्या अभ्यासात अंतर्गत प्रजननाच्या ठळक खुणा दिसल्या.

भारतात महाकपी नाहीत. लहान कपींपैकी हूलॉक गिबन ईशान्येकडील जंगलांत राहतो. वन्यप्राण्यांच्या पेशी व शुक्राणू जपण्याचे तंत्र हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेच्या ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळेने विकसित केले आहे. आसाममधील होल्लोंगापार अभयारण्याला मात्र एक लोहमार्ग दुभागतो, आणि गिबन सहसा जमिनीवर उतरत नाहीत. रुळांवरून झाडांच्या फांद्या पुन्हा एकमेकींना भिडल्या, तरच दोन्ही बाजूंच्या कुटुंबांत जोड्या जमू शकतील.