पर्णकुटीचा चढ आणि लेहचा रस्ता

'याला येरवड्याला पाठवा' ही पुण्यातली जुनी थट्टा. ऐकणाऱ्यानं तुरुंग समजायचा की मनोरुग्णालय, हे ज्याच्या त्याच्या कर्तृत्वावर. मी मात्र मेमधल्या एका रविवारी आपण होऊन गेले, तेही पहाटे साडेपाचला, भावाची माउंटन बाइक उसनी घेऊन.

पर्णकुटी चौकात अकरा जण जमले होते. बँकेतले दोघं, एक दंतवैद्य, चार-पाच संगणकवाले, शिवाय बारावी संपवलेला एक मुलगा आणि त्याची आई. आई मुलापेक्षा जोरात सायकल चालवते, हे पुढे कळलं. ही मंडळी जुलैत मनालीहून लेहला निघणार आहेत. रस्ता जवळपास पावणेपाचशे किलोमीटरचा. वाटेत बारालाचा ला, लाचुंग ला अशा खिंडी लागतात, आणि शेवटची तंगलंग ला तर 5,328 मीटरवर. आपलं पुणं साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. मधल्या पावणेपाच हजार मीटरची तालीम कुठे करायची? आठवडाभर येरवड्याच्या चढांवर वरखाली, आणि रविवारी नदीपलीकडे वेताळ टेकडी.

स्थळपरिचय म्हटल्यावर इतिहास आलाच, तो उरकून घेते. तुरुंग 1871 चा. पुणे करार 1932 मध्ये याच तुरुंगात झाला. पुढच्या वर्षी गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला तो टेकडीवरच्या ठाकरसींच्या पर्णकुटी बंगल्यात, आणि चौकाला नाव त्याचंच. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई वारले. तारकेश्वराच्या पायऱ्यांवर महाशिवरात्रीला रांग लागते. आणि 2024 पासून इथं मेट्रो थांबते.

बंडगार्डनचा पूल ओलांडून आम्ही सेनापती बापट रस्त्याला लागलो. सायकलसाठी म्हणून आखलेल्या पट्ट्यात मोटारी झोपल्या होत्या. एका मोटारीच्या टपावर मांजर. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकलवाल्यानं तेवढं चालवून घ्यायचं असतं.

वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच जागा, सुमारे आठशे मीटर. चढताना माझं चाक मुरमावर फिरत राहिलं आणि सायकल जागच्या जागी उभी. 'गिअर आधीच हलका करायचा, चढ लागल्यावर नाही,' दंतवैद्य म्हणाले, दात काढतानाच्या सुरात. उरलेला चढ मी सायकल ढकलत काढला. उतारावर वेगळी विद्या: बूड सीटच्या मागे, दोन बोटं ब्रेकवर, नजर चाकाखाली नाही तर दहा पावलं पुढे. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. मी बाभळीकडे बघितलं.

फिरायला आलेल्या एका आजोबांनी आम्हाला अडवून सांगितलं, 'ही टेकडी आहे, घाटाची शर्यत नाही.' चूक नव्हती त्यांची. ओल्या वाटेवर टायरची एक रेघ उमटली की पावसाचं पाणी तीच धरतं, आणि दोन पावसाळ्यांत तिथं घळ होते. म्हणून हा गट पाऊस पडल्यावर टेकडीवर येत नाही आणि माणूस दिसला की पाय टेकतो. पण याच टेकडीतून रस्ते आणि बोगदे काढायचे बेत शिजतात, त्यापुढे टायरच्या रेघेचं काय घेऊन बसायचं?

परत येरवड्यात आलो तेव्हा माझं मागचं चाक लचकलेल्या कमरेनं चालावं तसं डुलत होतं. 'मामांकडे चला,' सगळे एकसुरात. तुरुंगाच्या बाजूच्या एका गल्लीत पत्र्याचं दुकान, बाहेर टांगलेले टायर, आत पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. मामा सत्तरीचे. पूर्वी त्यांच्याकडे तासावर भाड्यानं द्यायच्या बारा सायकली होत्या; वहीत नाव लिहायचं आणि घड्याळ बघायचं. आता त्यातली एकच उरलीय, भिंतीला टेकलेली, तिच्या कॅरिअरवर पाण्याचा कॅन.

'आउट आहे ताई,' मामा म्हणाले. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि खडूचा तुकडा रिमजवळ धरला. जिथं घासला तिथं पांढरी खूण. मग त्या खुणेजवळच्या तारा बोटांनी छेडत गेले, एकेक. ढिली तार भसाडी वाजते, ताणलेली खणखणीत. चावी पाव फेरा, चाक फिरव, पुन्हा कान. सगळा आउट निघायला वीस मिनिटं लागली आणि त्या वेळात मामा चकार शब्द बोलले नाहीत. बाहेर दंतवैद्यांची लाखाच्या घरातली सायकल रांगेत उभी होती.

लेहला जाणाऱ्या सगळ्या सायकली जूनमध्ये मामांच्या हाताखालून जातात. डिस्क ब्रेक ते सत्तरीच्या उंबरठ्यावर शिकले, पुतण्याच्या मोबाइलवर बघून. त्यांची ताकीद ठरलेली: जोडीला ब्रेकपॅड घ्या, चेनचा जोडदुवा घ्या आणि खडबडीत वाटेवर हवा थोडी कमी ठेवा. वर बाहेरचीच हवा विरळ असते, त्यामुळे इथं दडस भरलेलं टायर तिथं आणखी कडक होतं, हे त्यांना गेल्या खेपेला परत आलेल्यांनी सांगितलं होतं. ते आता इतक्या खात्रीनं सांगतात, जणू तंगलंग लाच्या पायथ्याशी त्यांचंच पंक्चरचं दुकान आहे.

'तुम्ही गेलाय कधी तिकडे?' मी विचारलं.

'मी जेजुरी केलीय. दिवेघाट चढून. मंडळी पुढं दांडीवर, पोरगं मागं कॅरिअरला.' भिंतीकडच्या सायकलीकडे त्यांनी मान उडवली. 'हिच्यावरच. गिअर नाही काय नाही.' मग पाना खाली ठेवून दंतवैद्यांना म्हणाले, 'आणा तुमची.'