सापाची अंडी घरात उबवू नका

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पेंढ्याच्या ढिगात, शेणखताच्या खड्ड्यात किंवा घराच्या जोत्याखाली कधी कधी पांढरी, मऊ सालीची अंडी सापडतात. ती सापाची असू शकतात. कोणी भीतीने ती फोडतो, तर एखादा हौशी तरुण डब्यात घालून घरीच उबवू पाहतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

घोणस व फुरसे थेट पिलांना जन्म देतात. अंडी घालतात ते नाग, मण्यार, धामण, दिवड. नुसते अंडे पाहून ते विषारी सापाचे की बिनविषारी, हे खात्रीने सांगता येत नाही. नागाचे पिलू तर अंड्यातून विष घेऊनच बाहेर येते. घरात लहान मुले असतात, हे विसरून कसे चालेल?

शिवाय कोंबडी अंडी फिरवते, तशी सापाची अंडी फिरवून चालत नाहीत. आतला जीव दगावू शकतो. म्हणून जाणकार सर्पमित्र वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि अंडी दमट भुशात, साधारण २८ ते ३० अंश तापमानात ठेवतात. कोरडी पडली तर ती आक्रसतात, फार भिजली तर बुरशी धरते. नागाची पिले सुमारे दोन महिन्यांनी निघतात. मग ती रानात सोडतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप घरी पाळता येत नाहीत. भाताच्या कणगीवरचे उंदीर साप खातो, म्हणून त्याची अंडी फोडूही नका. अंडी दिसली की हात न लावता वनखात्याला १९२६ वर कळवा. दंश झालाच, तर भगताकडे वेळ न दवडता १०८ ची गाडी बोलवा, सरकारी दवाखाना गाठा.