ग्रामप्रिया आणि खुडूक

महाबळेश्वराच्या माथ्यावर आणि त्याखालच्या कोयना-सोळशीच्या खोऱ्यांत विखुरलेल्या वाड्यांवर कोंबडी पाळणे ही नवी गोष्ट नाही. किंबहुना येथील झाडीत राखी रानकोंबडा आजही राहतो, आणि पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला तरी अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीला व पायांना पिवळेपणा देणारे जनुक या राखी जातीकडून आले असल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. अशा प्रदेशातील परसात आता प्रयोगशाळेत घडवलेली एक कोंबडी वावरू लागली आहे, आणि तिचे नाव ग्रामप्रिया.

हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे 1988 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे कुक्कुट संशोधन संचालनालय म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या केंद्रीय संस्थेने परसातील अंड्यांसाठी तिची निर्मिती केली. तिच्या आधी ‘वनराजा’ आली होती, जी मांस आणि अंडी या दोन्हींसाठी आहे. ग्रामप्रियेचा भर मात्र अंड्यांवर आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 60 अंडी देते, तर ग्रामप्रिया परसात दीडशेच्या पुढे जाते आणि बंदिस्त, पोटभर खाद्यावरच्या संगोपनात 200 चा टप्पाही ओलांडते. तिचे अंडे तपकिरी कवचाचे असते, त्यामुळे गिऱ्हाईक ते गावरान म्हणून सहज घेते. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीला उघड्यावर सोडले तर घार तिला दुरूनच हेरते. ग्रामप्रियेचा रंगीत पिसारा पालापाचोळ्यात मिसळून जातो, लांब पायांमुळे ती धावते, आणि किडे, गवताचे बी, स्वयंपाकघरातील उरलेसुरले असे सारे टिपून पोटाचा बराच भाग स्वतःच भागवते. गरिबाच्या अंगणासाठी इतक्या बारकाईने विचार करणारे संशोधन आदरास पात्र आहे.

अंडे तयार होण्यास साधारण 25 तास लागतात, आणि त्यांतील सुमारे 20 तास ते गर्भाशयात, म्हणजे कवच चढवणाऱ्या पिशवीत असते. एका कवचासाठी कोंबडीला जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. महाबळेश्वराचा माथा जांभ्या दगडाचा असून शतकानुशतकांच्या पावसाने त्यातील चुना धुऊन नेला आहे. त्यामुळे केवळ माती टोकून कवच भरणार नाही आणि कोंबडीपुढे शिंपल्यांचा चुरा वा चुनखडी ठेवावीच लागते. उजेडाचेही तसेच आहे. चांगल्या अंडी-उत्पादनाला दिवसाचा 14 ते 16 तासांचा उजेड लागतो, परंतु वर्षाला सरासरी 5,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात पावसाळ्याचे महिने कोंबडी अंधाऱ्या खुराड्यात काढते आणि अंडी घटतात. छताला पारदर्शक पत्रा आणि संध्याकाळी एखादा दिवा, एवढ्यानेही फरक पडतो.

सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र कोंबडीच्या मेंदूत घडते. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घातल्यावर खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवण्यासाठी ठाण मांडते, पिसे फुलवून गुरगुरते आणि दिवसातून थोडाच वेळ चरायला उठते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, अंडाशय आक्रसते आणि अंडी थांबतात. बाया तिला पाण्यात बुडवून काढतात किंवा डालग्याखाली कोंडून तिची खुडूक मोडतात, तरी पुन्हा अंड्यावर यायला तिला काही आठवडे लागतात. अंडी वाढवू पाहणाऱ्या पैदासकाराने म्हणून हा स्वभावच पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून कमी केला, आणि ग्रामप्रियेच्या अधिक अंड्यांमागचे एक मोठे कारण हेच आहे.

परंतु जी कोंबडी बसत नाही ती पिले काढत नाही. ग्रामप्रियेची पुढची पिढी हवी असल्यास शेतकऱ्याला दरवेळी उबवणी केंद्राकडेच, येथील माणसाला बहुधा पुण्याच्या खडकी येथील शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे, पाहावे लागते. तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवली तर 21 दिवसांनी पिले जरूर निघतात. पण ग्रामप्रिया हा निवडक वाणांचा संकर असल्याने त्या पिलांत गुण विखुरतात आणि आईइतकी अंडी मिळत नाहीत. शासनाची 25 तलंगा, म्हणजे आठ ते दहा आठवडे वयाच्या अंड्यावर न आलेल्या माद्या, आणि 3 नर अशा गटाची अनुदानित योजना डोंगराळ भागासाठी एकदिवसीय पिलांपेक्षा शहाणपणाची ठरते, कारण पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि वादळात वीज गेली की बल्बखालची पिले एका रात्रीत गारठून मरतात.

रोगांची चिंता याहून मोठी आहे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एकदा वाडीत शिरली की खुराडी रिकामी करते. ओल्या तुसाच्या गादीवर रक्ती हगवण फोफावते. मानमोडीची लस स्वस्त असूनही तिची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. सगळ्या वाडीने एकाच दिवशी आपापल्या कोंबड्यांना लस देणे हाच त्यावर उपाय आहे, आणि तो क्वचितच अमलात येतो.

जातीच्या नावाने भुलवणाऱ्यांचा धोकाही आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथून चाललेल्या एका कडकनाथ जातीच्या कोंबड्यांच्या योजनेत 2019 साली असंख्य शेतकऱ्यांचे पैसे बुडाले; पिले चढ्या भावाने विकून अंडी परत घेण्याचे दिलेले वचन पाळले गेले नाही. कोंबडी निर्दोष होती, व्यवहार खोटा होता. ग्रामप्रियेच्या बाबतीतही परत खरेदीचे वचन देणाऱ्यापासून दूर राहावे.

ग्रामप्रियेचा स्वीकार या डोंगरात जरूर व्हावा, परंतु तलंगांचा गट आणण्यासाठी घरची बसणारी गावरान कोंबडी कोणी विकू नये. खुराड्यात दोन-तीन तरी ठेवाव्यात, कारण उबवणी केंद्राचा पुरवठा थांबला तर पिले काढणारे दुसरे यंत्र वाडीवर नाही.