ग्रँड रिव्हरवरचा शुक्रवार

पावणेसहा. नोव्हायमध्ये नुकतं फटफटतंय. आज शुक्रवार, २५ जुलै २०२५. नवे अल्बम शुक्रवारीच येतात. २०१५ च्या जुलैपासून जगभर हाच वार ठरला, त्याआधी अमेरिकेत मंगळवार असायचा. आज अ‍ॅलिस कूपरच्या मूळ बँडचा ‘द रिव्हेंज ऑफ अ‍ॅलिस कूपर’ येतोय. या मंडळींनी मिळून शेवटचा पूर्ण अल्बम केला तो १९७३ चा ‘मसल ऑफ लव्ह’, त्यानंतर थेट हा. मधल्या बावन्न वर्षांत मी जन्मलो, डोंबिवलीत वाढलो आणि मिशिगनला येऊन स्थिरावलोही. अल्बम मध्यरात्रीपासून फोनवर आहे, पण मी लावलेला नाही. चहा घेतो आणि डबा भरतो.

साडेसात. पुण्याशी कॉल, तिकडे संध्याकाळचे पाच. गाडीतल्या साउंड सिस्टिमच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका एकेक करून निपटतो. बाकीचे गेल्यावर टीममधला सर्वात लहान मुलगा थांबला. म्हणाला, “सर, ऑझीचं अजून खरं वाटत नाही.” ऑझी ऑस्बर्न मंगळवारी गेला. त्याआधी सतराच दिवस तो बर्मिंगहॅममध्ये, स्वतःच्या गावात, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचं गायला होता. मुलाला ऑझीचा बँड ब्लॅक सबाथ थोरल्या भावाकडून मिळाला, मला मामेभावाच्या कॅसेटवर. “पहिला अल्बम आज पूर्ण ऐक, मधे थांबू नकोस,” एवढंच मी त्याला सांगितलं.

नऊ ते साडेबारा टेस्ट कारमध्ये. प्रत्येक सीटवर बसायचं, माइक लावायचा, आवाज मोजायचा. या गाडीला सीडीची फट नाही. आता नव्या गाड्यांना ती जवळजवळ नसतेच.

साडेबारा. डब्यात पोळी आणि भेंडीची भाजी. जेवताना आज मुंबईतला काळा घोडा आठवतोय. कॉलेजात असताना व्ही.टी.ला उतरून चालत ऱ्हिदम हाउसला जायचो. खिशात एका कॅसेटपुरते पैसे, आणि ऐकण्याच्या बूथमध्ये उभं राहून चार अल्बम चाखायचे. काउंटरवरचे काका एकदा म्हणाले, “डीप पर्पल आवडतं ना तुला? मग हे घेऊन जा,” आणि हातात ‘रेनबो’ ठेवलं. माझी आवड त्या एका वाक्याने वळली. १९४८ साली सुरू झालेलं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. ३३ फेऱ्यांची एलपी बाजारात आली तेही १९४८ साल, आणि अ‍ॅलिस कूपर व ऑझी, दोघांचाही जन्म त्याच वर्षीचा.

दुपार बैठकांत गेली.

पाच वाजता ग्रँड रिव्हर अ‍ॅव्हेन्यूला लागतो. नोव्हाय हे नाव याच रस्त्यावरच्या सहाव्या थांब्यावरून, रोमन आकड्यातल्या ‘नंबर सहा’वरून पडलं, असं इथले लोक सांगतात, पण ती दंतकथाच असावी. आग्नेयेला हाच रस्ता डेट्रॉईटमध्ये शिरतो, आणि तिथे ग्रँडी बॉलरूमची पडीक इमारत उभी आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात एमसी फाइव्ह या बँडने आपला पहिला अल्बम तिथेच, प्रेक्षकांसमोर, ध्वनिमुद्रित केला. मला एवढ्या लांब जायचं नाही. वाटेत फार्मिंग्टनला डिअरबॉर्न म्युझिकची शाखा आहे. मूळ दुकान १९५६ चं.

सबाथच्या कप्प्यात आज फक्त नावाची पाटी उरली होती. २०२२ मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. याचा मला मनापासून आनंद आहे. पण एकाच अल्बमच्या पाच रंगांच्या तबकड्या काढून त्याच माणसाला पाचदा विकणं मला पटत नाही. त्यापेक्षा गिटारवादक जॅक व्हाइटने केलं ते खरं. १९ जुलै २०२४ ला डेट्रॉईटच्या कॅनफील्ड स्ट्रीटवरच्या त्याच्या थर्ड मॅन दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशवीत पांढऱ्या लेबलची एक बिननावाची तबकडी फुकट पडत होती. घरी जाऊन लावल्यावर कळलं, हा त्याचाच नवा अल्बम. जाहिरात नव्हती, हातातून हातात गेला.

माझ्या शेजारी सोळा-सतराची एक मुलगी वडिलांबरोबर कूपरचा कप्पा चाळत होती. मी तिला १९७१ चं ‘लव्ह इट टू डेथ’ दाखवलं. निर्माता बॉब एझ्रिन, पुढे पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’वर काम केलेला, आणि आजच्या अल्बमलाही तोच. तिने ते घेतलं, मी आजचा नवा अल्बम घेतला.

रात्री नऊ. कव्हरवरचं प्लास्टिक नखाने चिरलं. तबकडी कडांनी धरून ठेवली, ब्रश दोन फेऱ्या टेकवला, सुई खाली सोडली. खोलीत दुसरा आवाज नाही. बँडचा गिटारवादक ग्लेन बक्सटन १९९७ मध्ये गेला, पण ‘व्हॉट हॅपन्ड टू यू’मध्ये त्याने जुन्या टेपवर वाजवून ठेवलेली गिटार आहे. ती सुरू झाली तेव्हा मी उठून उभा राहिलो. बाकी अल्बम सगळा सारखा नाही. दोन-तीन गाणी गाळली असती तर बरं झालं असतं. बासवादक डनअवे मात्र अजूनही गाणं पुढे ओढतो. मला हा अल्बम आवडला. रविवारपर्यंत आणखी दोनदा ऐकणार आहे.

तुमच्या गावात असं एखादं दुकान अजून उघडं असेल, तर येत्या शुक्रवारी जा. जुनं तर घ्याच, पण आठवड्यात आलेलं एक तरी नवं घ्या, आणि काउंटरवरच्या माणसाला विचारा, “तुम्ही सध्या काय ऐकताय?”