लॅपटॉपच्या पडद्याला ठिपके किती हवेत?

सीईटीचे निकाल लागले, की पुण्यातल्या घराघरांत प्रवेशाच्या फेऱ्यांबरोबर आणखी एक विषय निघतो, तो लॅपटॉपचा. वर्षातली ही मोठी खरेदी, पण होते बहुधा दुकानदाराच्या शब्दावर. तो यजमानांकडे नाहीतर मुलाकडे पाहून ‘फुल एचडी’, ‘फोर-के’ असं काहीबाही सांगत असतो आणि आपण पर्स सांभाळत बाजूला उभ्या! पण महिन्याचा हिशेब जिनं जुळवायचा, तिला यातलं कळायला नको का? मैत्रिणींनो, हे गणित मुळीच अवघड नाही.

लॅपटॉपचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. ‘१३६६ बाय ७६८’ म्हणजे एका ओळीत १३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी. एकूण सुमारे साडेदहा लाख. फुल एचडीत (१९२० बाय १०८०) ते जवळजवळ पावणेएकवीस लाख होतात. फोर-केत (३८४० बाय २१६०) सुमारे ८३ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. आणि हा पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगवावा लागतो!

इथंच खरी मेख आहे. पंगत चौपट झाली आणि शेगडी तीच राहिली, तर स्वयंपाकाला वेळ लागणारच. पत्र लिहिणं, हिशेब ठेवणं, तासाला हजर राहणं एवढ्यात हा भार फारसा जाणवत नाही. पण खेळ, त्रिमितीय आराखडे अशी कामं निघाली, की साध्या यंत्राची दमछाक होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलं, तर चित्रांचं कामही मुख्य मेमरीतूनच भागवावं लागतं.

दुसरा खर्च बॅटरीचा. नेहमीच्या एलसीडी पडद्यात ठिपके दाट झाले, की प्रकाश आरपार जायला वाट कमी उरते. मग मागचा दिवा मोठा ठेवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि नेमका मुलीचा प्रकल्प त्याच दिवशी द्यायचा असला, की हा फरक चांगलाच कळतो! फोर-के पडदा फुल एचडीवर लावून वापरता येतो, खेळांचा भारही त्यानं हलका होतो. पण मागचा दिवा काही तेवढा मंदावत नाही, आणि जादा पैसे तर गेलेलेच असतात.

मग सगळ्यांत स्वस्त पडदा घ्यावा का? तेही नको. साडेपंधरा इंची पडद्यावर १३६६चा एक ठिपका साधारण पाव मिलिमीटरचा असतो आणि डोळ्यांना तो खुपतो. आपल्या देवनागरीचे रफार, अनुस्वार, जोडाक्षरं बारीक अक्षरांत गिचमिड दिसतात. बालभारतीची पुस्तकं पडद्यावर वाचणाऱ्या मुलांना आणि रात्री प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या माझ्यासारखीला हा त्रास रोजचा. फुल एचडीत तो ठिपका सुमारे ०.१८ मिलिमीटर होतो. दोन फुटांवरून निकोप डोळ्यालाही तो जेमतेमच वेगळा दिसेल. त्यापुढची बारकाई पाहायची, तर पडद्याला नाक लावून बसायला हवं!

फोर-के निरर्थक आहे, असं मात्र नाही. छायाचित्रण, चित्रपट-संकलन शिकणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होतो. पण त्यांनीही ठिपक्यांआधी रंग अचूक दिसतात का, ते पाहावं.

खरेदीला जाताना एवढं करा :

१. बारीक अक्षरांतलं मराठी पान उघडायला सांगा आणि दोन फुटांवरून वाचा.

२. बाजूनं पाहिल्यावर रंग उडतात का, ते बघा. आयपीएस पडद्यात सहसा उडत नाहीत.

३. खिडकीजवळ बसून काम करायचं असेल, तर उजेड निदान ३०० निट्स आहे ना, ते विचारा.

४. बॅटरी किती वॅट-अवरची, हेही विचारा.

५. फुल एचडी घेऊन वाचलेले पैसे १६ जीबी मेमरी आणि मोठ्या एसएसडीत घाला. चार वर्षं यंत्र चालवायचं, तर त्यांचा उपयोग रोज होतो.

भिशीतून नाहीतर शिकवणीतून साठवलेली रक्कम असते ही. दुकानदार घाई करू लागला, तर खुशाल म्हणा, ‘थांबा, आधी मला पाहू दे.’