१४ चालींत बरोबरी : बर्लिन बचावाचा डाव कसा संपतो?

क्लबच्या स्पर्धेत कधी कधी अर्ध्या तासात डाव संपतो आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. बघणाऱ्याला वाटतं, आधीच ठरवलेलं असणार. पण बर्लिन बचावात अशी बरोबरी पटावरूनच येऊ शकते.

पहिल्या चाली अशा : १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट बी५, घोडा एफ६. ही रुय लोपेझ सुरुवात आणि तिला दिलेलं बर्लिन उत्तर. २००० साली लंडनच्या विश्वविजेतेपद लढतीत क्रॅमनिकने हाच बचाव वापरला. कास्पारोव्हला त्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही.

पुढे ४. कॅसलिंग, घोडा ई४ वरचं प्यादं घेतो ५. डी४, घोडा डी६ ६. प्याद्याने ई५ घेतलं, घोड्याने बी५ वरचा उंट घेतला ७. ए४, घोडा बी५ वरून डी४ ८. घोड्याने तो घोडा घेतला, डी५ ९. पांढरं प्यादं त्या प्याद्याला जाता-जाता मारून डी६ वर येतं, काळा घोडा डी४ वरचा घोडा घेतो १०. वजिराने डी४ घेतलं, वजिराने डी६ घेतलं.

आता ११. वजीर ई४ शह, वजीर ई६ १२. वजीर डी४, वजीर डी६. काळ्याचा वजीर ई६ वरच थांबला, तर हत्ती ई१ वर येऊन त्याला राजासमोर अडकवतो. पांढऱ्याने वजिरांची अदलाबदल केली, तर काळ्याकडे दोन उंटांची जोडी उरते. म्हणून दोघंही त्याच चाली पुन्हा खेळतात आणि १४ व्या चालीला तीच स्थिती तिसऱ्यांदा येते.

मात्र अर्धा गुण आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. आपल्या चालीने तिसरी वेळ येणार असेल, तर चाल पटावर न खेळता आधी कागदावर लिहायची आणि घड्याळ थांबवून पंचांना सांगायचं. समोरच्याच्या चालीने आली असेल, तर मोहऱ्याला हात लावण्याआधी सांगायचं. हात लावला, की त्या चालीपुरता हक्क गेला. पंच स्वतःहून बरोबरी देतात ती पाचव्या वेळी.

पांढऱ्याला जिंकायचंच असेल, तर सहाव्या चालीला आधी उंटाने सी६ वरचा घोडा घ्यावा. तिथून वजीर लवकर जातात, पण लढत शिल्लक राहते.