‘दिन’ की ‘दीन’?

१ मेच्या सकाळी तुम्ही सोसायटीसाठी लॅपटॉपवर शुभेच्छापत्र लिहिलंत: ‘महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’. लाल रेघ कुठेच उमटली नाही. कशी उमटणार? ‘दीन’ म्हणजे गरीब, बिचारा. तोही मराठी शब्दच!

तरीही शब्दतपासणी हवीच. लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम वापरत असाल, तर आधी मराठी शब्दतपासणीचं एक्स्टेन्शन टाका. मग ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ असं करत भाषांच्या पानावर जा आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. इथे घाई नको. लिपी एकच म्हणून हिंदी राहू दिलीत, तर ‘शक्ति’, ‘कवि’ बिनबोभाट पास होतील आणि आपले ‘शक्ती’, ‘कवी’ चुकीचे ठरतील. सगळं झालं की एफ ७ दाबा.

फोनवर जीबोर्ड असेल, तर त्याच्या ‘डिक्शनरी’त आपलं आडनाव, गावाचं नाव घालून ठेवा.

आता उरला अर्थ. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ फुकट शोधता येतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शोधून पाहा, मुलांनाही दाखवा. मोल्सवर्थ अर्थासाठी उत्तम, शुद्धलेखनासाठी मात्र नको. आजचे नियम १९६२चे, त्यात १९७२ साली भर पडली.

आणि लग्नपत्रिका असेल, तर छापायला देण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला दाखवाच. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. लाल रेघ दोन्हींना येत नाही.